फोल्डिंग सायकल घेताना: नागपूरच्या हौशी सायकलवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी फुटाळ्यापर्यंत एक चक्कर, रविवारी अंबाझरी, थंडीत कधीतरी सेमिनरी हिल्स आणि येताना तर्री पोहे. एवढंच ज्यांना सायकलवर करायचंय, त्यांच्यासाठी हे पान आहे. शंभर-दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी) मारणाऱ्यांना इथे फारसं काही सापडणार नाही.

काऊन घ्यायची बापा फोल्डिंग? साधी सायकल नाही चालत का?

चालते. बहुतेकांना साधीच पुरते, आणि तेवढ्याच पैशात साधी सायकल जास्त चांगली मिळते. फोल्डिंगमध्ये बिजागरी, खटका, लांब सीटपोस्ट, घडीचं हँडल या सगळ्याचे पैसे लागतात. दहा-बारा हजारांत हे सगळं बसवायचं म्हटलं की कंपनी कुठेतरी काटकसर करतेच.

म्हणून आधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: घडी आठवड्यातून किती वेळा होणार? तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट लहान आहे आणि खाली पार्किंगमध्ये सायकल ठेवायची भीती वाटते, तर रोज होणार. गाडीच्या डिक्कीत टाकून गोरेवाड्याकडे जायचंय, किंवा मेट्रोनं परत यायचंय, तर दर आठवड्याला होणार. घर स्वतःचं आहे, अंगण आहे, व्हरांड्यात जागा आहे आणि सायकल घरूनच सुरू होऊन घरीच संपणार, तर घडी पहिल्या महिन्यात पाहुण्यांना दाखवण्यापुरती होईल. मग साधी घ्या.

एक कारण मात्र लोक विसरतात. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावर आणि पार्किंगमध्ये जे होतं ते सगळं बुडालं. फोल्डिंग सायकल एका माणसानं उचलून जिन्यावर नेता येते. सखल भागात राहणाऱ्यांनी हाही हिशेब धरावा.

चाक किती इंची घ्यावं?

२० इंची. घाईत असाल तर पुढचं वाचू नका.

कारण असं. बाजारात १६, २० आणि क्वचित २४-२६ इंची फोल्डिंग दिसतात. १६ इंचीची घडी सगळ्यात लहान होते, पण आपल्या रस्त्यांवर ते चाक प्रत्येक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि धक्का सरळ मनगटाला बसतो. २६ इंची चाकाची घडी होते खरी, पण ती नावापुरती. हॅचबॅकच्या डिक्कीत ती बसत नाही, मेट्रोत दोन माणसांची जागा खाते.

पण २० इंचीतही दोन मापं आहेत, आणि दुकानदार हे आपणहून सांगत नाही. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात आकडे असतात. तिथे ‘४७-४०६’ सारखं काही लिहिलेलं असेल, म्हणजे शेवटी ४०६ असेल, तर निर्धास्त घ्या. हे रिमचं माप आहे, मिलिमीटरमध्ये. लहान मुलांच्या २० इंची सायकलींना, बीएमएक्सला हेच माप असतं. त्यामुळे सक्करदऱ्यात, इतवारीत, कोणत्याही गल्लीतल्या सायकल दुकानात ट्यूब मिळते. शेवटी ४५१ असेल तर ते अरुंद, वेगाच्या सायकलींचं माप. सायकल देखणी दिसते, पण रविवारी सकाळी ट्यूब गेली तर कुरिअर येईपर्यंत ती घरात उभी.

टायरची रुंदी १.७५ इंच किंवा थोडी जास्त असावी. रुंद टायर कमी हवेवर चालतो आणि रस्त्याची खडखड तिथेच मुरते. १.२५ इंची बारीक टायर पळतो छान, पण त्याच्यासाठी रस्ताही तसाच लागतो.

लहान चाक म्हणजे दुप्पट पायडल मारावं लागेल ना?

नाही. हा गैरसमज फार पक्का आहे, म्हणून जरा आकडेमोड करू.

एका पायडलमध्ये सायकल किती पुढे जाते हे फक्त चाकावर ठरत नाही. पुढच्या दातेरी चक्रीचे दात भागिले मागच्या फ्रीव्हीलचे दात, गुणिले चाकाचे इंच. वडिलांच्या जमान्यातल्या काळ्या २८ इंची सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दात धरले, तर उत्तर येतं ६८. आता २० इंची फोल्डिंगला पुढे ५२ आणि मागे १५ दात घ्या. उत्तर ६९. म्हणजे दोन्ही सायकली एका फेरीत जवळजवळ सारखंच अंतर कापतात, साधारण साडेपाच मीटर. चाक लहान म्हणून पुढची चक्री मोठी दिली जाते, झालं.

गोची होते ती स्वस्त, बिनगिअरच्या सायकलींत. तिथे पुढे ४४ आणि मागे १६ असे दात असले की आकडा ५५ वर येतो. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास. फुटाळ्यावर रमतगमत फिरायला तो ठीक आहे. पण सोबतचे साध्या सायकलीवर असतील तर त्यांच्या मागे पाय भरभर फिरवत बसावं लागेल. ‘फोल्डिंगला लय पायडल मारावं लागते’ ही तक्रार बहुधा इथूनच आली. दुकानात दात मोजायला लाजू नका. पुढच्या चक्रीवर आकडा कोरलेलाही असतो.

मग गिअर किती हवेत?

नागपूर बऱ्यापैकी सपाट आहे. चढ म्हणावा असा सेमिनरी हिल्सचा, मग उड्डाणपूल. त्यामुळे सात गिअर भरपूर झाले. पुढे ५२ आणि मागे १४ ते २८ दातांचा संच असेल तर वरच्याच हिशेबानं सगळ्यात हलका गिअर ३७ इंचांचा येतो आणि सगळ्यात जड ७४ चा. हलक्यावर टेकडी चढते, जडावर सिव्हिल लाइन्सचे मोकळे रस्ते मजेत कापले जातात. २१ गिअर म्हणजे पुढेही तीन चक्र्या. त्यासाठी जास्तीचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), जास्तीची वायर आणि घडी करताना अडकायला आणखी एक गोष्ट. मी तरी घेणार नाही.

तीन गिअर मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, पोटात असलेल्या सायकली आपल्याकडे कमी दिसतात, पण मिळाली तर विचार करा. बाहेर लोंबणारं काही नसल्यानं डिक्कीत टाकताना वाकत नाही, सिग्नलला उभं असतानाही गिअर बदलतो. मात्र मागचं पंक्चर काढायला चाक उतरवलं की गल्लीतला मिस्त्री गोंधळतो. दुकानातून निघण्याआधी चाक काढून-बसवून एकदा स्वतः बघून ठेवा.

वजन किती चालेल?

स्टीलच्या स्वस्त फोल्डिंग १५ ते १७ किलोच्या, ॲल्युमिनियमच्या ११ ते १३ च्या आसपास. कागदावर फरक तीन-चार किलोंचा. जिन्यावर तो फार वाटतो, कारण घडी केलेली सायकल अंगापासून लांब धरावी लागते, नाहीतर चेनचं काळं ऑइल पँटला लागतं.

दुकानात एवढं करा: घडी करा, एका हातानं उचला आणि दुकानाच्या दारापर्यंत जाऊन या. दुकानदार हसला तर हसू द्या. लिफ्ट असेल किंवा सायकल डिक्कीतून काढून तिथेच चालवायची असेल, तर १५ किलोही चालतात. रोज तीन मजले चढायचे असतील तर १२ च्या वर जाऊ नका, मग बजेट थोडं वाढलं तरी हरकत नाही.

घडी केल्यावर सायकल ढकलत नेता येते का, तेही बघा. काही मॉडेल सीटला धरून दोन्ही चाकांवर चालतात, काही ओढली की आडवी पडतात. प्लॅटफॉर्मवर आणि मॉलच्या पार्किंगमध्ये याचा फार उपयोग.

दुकानात नेमकं काय तपासायचं?

फ्रेमचा खटका. बाकी सगळं नंतर बदलता येतं, ब्रेकची रबरं, सीट, टायर, पायडल. मधली बिजागरी आणि तिचा खटका बदलता येत नाही, आणि चालवताना तुमचा जीव त्याच्यावर असतो.

खटका बंद करताना सावकाश करा. सुरुवातीला तो मोकळा फिरतो. शेवटच्या दोन-तीन बोटं अंतरात त्याला जोर लागायला हवा, इतका की बोटांनी नाही, तळव्यानं दाबावा लागेल. मग ‘टक्’ असा आवाज येतो आणि वरची सुरक्षेची कळ आपोआप जागेवर बसते. एका बोटानं बंद होत असेल तर ढिला आहे. अंगाचा भार टाकूनही बसत नसेल तर फार आवळलेला आहे. दोन्ही गोष्टी आतल्या बोल्टनं जुळवता येतात, पण नवी सायकल आपल्यासमोर जुळवून घ्या, ‘सर्व्हिसिंगला करून देऊ’ वर सोडू नका. सुरक्षेची कळच नसेल, तर सायकल तिथेच ठेवा.

नंतर पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागेपुढे हलवा. दुसरा हात बिजागरीवर ठेवा. हाताला कटकट जाणवली तर तिथे ढिलाई आहे. हँडलच्या दांड्याची बिजागरीही अशीच बघा, कारण ती फ्रेमपेक्षा आधी ढिली पडते.

आणि घडी स्वतः करा. दुकानदाराला वीस सेकंद लागतात, कारण तो दिवसभर तेच करतो. पायडल दुमडा, खटका उघडा, पुढचा भाग फिरवून मागच्याला टेकवा, हँडल पाडा, सीट खाली. चार-पाच वेळा करून बघा. बोट चिमटत असेल, ब्रेकची वायर बिजागरीत येत असेल, घडी झाल्यावर दोन्ही चाकं एकमेकांना धरून न राहता उघडत असतील, तर घरी रोज हाच वैताग होणार. चांगल्या सायकलीत धरून ठेवायला चुंबक किंवा पट्टा असतो.

माझ्या गाडीच्या डिक्कीत बसेल का?

२० इंची सायकलची घडी साधारण ८० सेंटीमीटर लांब, ६० ते ६५ उंच आणि ३५ ते ४० रुंद. खोक्यासारखा हिशेब केला तर २०० लिटरच्या आसपास. हॅचबॅकची डिक्की कागदावर २५०-२७० लिटरची असते, तेव्हा एक सायकल बसते, दोन नाही. पण डिक्की चौकोनी नसते. खरा अडथळा तोंडाच्या उंचीचा येतो. घरून टेप घेऊन निघा आणि डिक्कीचं तोंड मोजा.

गाडी सीएनजीची असेल आणि सिलिंडर डिक्कीत असेल तर डिक्कीचा विषय संपला. सायकल मागच्या सीटवर जाईल, जुनी चादर अंथरून.

नवरा-बायको दोघांना सायकली हव्यात, तर मागची सीट पाडून दोन बसतात. मधे एक गोधडी टाका, नाहीतर एकीचं पायडल दुसरीचे आरे वाकवतं. डिरेलरची बाजू वर ठेवायची.

मेट्रोत नेता येते का?

नागपूर मेट्रोनं डब्यात सायकल नेऊ दिली आहे, आणि घडी केलेली सायकल तर मोठ्या बॅगेएवढीच. तरी पहिल्यांदा जाताना स्टेशनवर विचारून घ्या, आणि अरुंद गेटमधून घुसवण्याऐवजी रुंद गेट मागा. वर जायला लिफ्ट आहे.

मजा उलट्या क्रमात आहे. उन्हाळ्यात पहाटे अंधार-उजेडात सायकलनं निघायचं, कारण तेवढाच वेळ गार असतो, आणि ऊन चटकायला लागलं की मेट्रोनं परतायचं. मनीषनगर, जयप्रकाशनगरकडून निघालेला माणूस आरामात अंबाझरीला पोचतो, तलावाकाठी बसतो, मग ॲक्वा लाइन धरतो, सीताबर्डीला बदलून ऑरेंज लाइननं घरी. मे महिन्यात नागपुरात सायकल सुरू ठेवायचा मला तरी हाच शहाणपणाचा मार्ग दिसतो. ऑफिसच्या गर्दीच्या वेळी मात्र नेऊ नका. लोकांच्या पोटऱ्यांना चेन लागते आणि मग जे ऐकावं लागतं ते बरोबरच असतं.

आणि रेल्वेनं? रामटेक, सेवाग्रामला न्यायची इच्छा आहे.

इच्छा रास्त आहे. रामटेकला उतरून खिंडसीपर्यंत, किंवा सेवाग्राम स्टेशनवरून आश्रमापर्यंत, ही फोल्डिंगसाठी अगदी मापातली अंतरं आहेत. अडचण नियमाच्या मापाची. सोबत न्यायच्या पेटीचं माप रेल्वे १०० × ६० × २५ सेंटीमीटर धरते, आणि आपली घडी रुंदीत त्याच्याबाहेर जाते. तेव्हा जाड कापडाच्या पिशवीत घाला, चेन आत जाईल अशी. गर्दीची गाडी टाळा, दारात ठेवू नका. वाद घालण्यापेक्षा लगेजमध्ये बुक केलेलं बरं.

फोल्डिंग डगमगते म्हणतात. खरंय का?

पहिल्या दिवशी हो. लहान चाक आणि उंच हँडल, त्यामुळे जरा वळवलं की सायकल लगेच वळते. दोन-चार दिवसांत हात बसतो. हात सोडून चालवायचं मात्र विसरा. वळण्याची खूण करायला एक हात काढायचा सराव आधी मोकळ्या मैदानात करा, मग व्हेरायटी चौकात.

नागपुरात सांभाळायच्या जागा वेगळ्या आहेत. सिमेंटच्या रस्त्याला लांबीच्या दिशेनं जोड असतात. त्या फटीत बारीक टायर शिरला तर हँडल हातातून जातं, म्हणून फट नेहमी जमेल तितक्या काटकोनात ओलांडा. सिमेंट संपून गट्टू (पेव्हर ब्लॉक) सुरू होतात तिथे दोन-तीन बोटांचा उंचवटा असतो. साधी सायकल तो सहज चढते, फोल्डिंगला वेग कमी करून, सरळ रेषेत, पायडलवर किंचित उभं राहून जावं. नाल्यांवरच्या जाळ्यांपासून चार हात लांब.

सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, मॅग व्हील?

नको, नको आणि नको. स्वस्त सस्पेन्शननं वजन वाढतं, ढिलाईला आणखी एक जागा मिळते. डिस्कची तबकडी डिक्कीत दबून वाकते आणि मग चाक फिरताना घासत राहते. रिमला दोन्ही बाजूंनी रबरं दाबणारे व्ही-ब्रेक पुरतात, आणि त्यांची रबरं कुठेही मिळतात. मॅग व्हील, म्हणजे तारेच्या आऱ्यांऐवजी एकसंध ओतलेलं चाक, दिसायला झकास, पण एकदा बेंड आला की आर्‍यांच्या चाकासारखा तो काढता येत नाही.

आईसाठी बघतोय. वय पासष्ट, गुडघे थोडे दुखतात. जमेल?

फोल्डिंगचा यांना खरा फायदा होतो, घडी कधीच केली नाही तरी. फ्रेम खाली असते, त्यामुळे पाय उंच न टाकता नुसतं ओलांडून बसता येतं. सलवार-कमीजवर चालवता येते. साडीवर चेनकव्हर असलेलीच घ्या.

सीटच्या उंचीत मात्र गोंधळ होतो. दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकावेत म्हणून सीट खाली केली की पायडल मारताना गुडघा फार वाकतो, आणि दुखणाऱ्या गुडघ्याला तेच नको असतं. सुरुवातीला पूर्ण खाली ठेवा, आत्मविश्वास येऊ द्या. मग थोडी थोडी वर घ्या, निदान चवडे टेकतील इथपर्यंत. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ, पण किंचित वाकलेला असावा. गिअर हलका. खटका बंद आहे की नाही हे तुम्हीच बघून द्या, कारण त्या वयात बोटांत तेवढा जोर नसतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

माझी उंची सहा फूट, वजन नव्वदीच्या पुढे.

फ्रेमवर किंवा माहितीपत्रकात वजनाची मर्यादा दिलेली असते, बहुधा १०० ते ११० किलोंची. त्यात तुमची पाठपिशवीही धरा. मर्यादेच्या काठावर असाल तर स्टीलची फ्रेम आणि जास्त आऱ्यांची चाकं बघा.

उंच माणसाची खरी अडचण सीटपोस्टची. त्याच्यावर एक खुणेची रेघ असते आणि ती कधीही बाहेर दिसता कामा नये. सीट वर घेतल्यावर रेघ दिसत असेल तर ती सायकल तुमच्यासाठी लहान आहे. रेघेच्या पुढे ओढून चालवणं म्हणजे दांडा मोडायची वाट बघणं.

नागपूरच्या उन्हात टायर फुटतात का?

नुसत्या उन्हानं नाही. ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा २५ अंशांना भरली आणि टायर तापून ६५ अंशांवर गेला, तरी दाब ६० च्या आतच राहतो. धड टायर तेवढं सहज सोसतो. फुटतो तो आधीच जास्त भरलेला, चिरलेला किंवा रबर वाळलेला टायर. लहान ट्यूबमध्ये हवा मावते कमी, त्यामुळे पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरनं डोळ्याचं पातं लवायच्या आत ती जास्त भरते. घरी मीटरवाला पंप ठेवा आणि टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत, ४०-५० वर थांबा. वॉल्व मोटारसायकलीसारखा जाड आहे की साधा देशी, तेही बघून घ्या, म्हणजे पंप त्याप्रमाणे घेता येईल.

उन्हात बंद गाडीच्या डिक्कीत दिवसभर सायकल ठेवू नका. रबर, हँडलची मूठ, सीटचं फोम सगळं अकाली म्हातारं होतं. पंक्चरच्या डब्यातलं सोल्युशनही वाळतं, आणि हे कळतं ते नेमकं गरज पडल्यावर.

नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापते नऊ दिवस) लागला की सकाळी सातच्या आत घरी. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात यावर वाद नसावा.

किती पैसे ठेवावेत?

दहा-पंधरा हजारांत सुरुवात होते आणि लाखाच्या वर जाते. हौशी माणसानं पंधरा ते तीस हजारांच्या पट्ट्यात बघावं. त्याच्या खाली खटक्यांची खात्री देता येत नाही, त्याच्या वर जे मिळतं ते बहुतांशी वजनातली बचत आणि घडीची सफाई. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, घंटी आणि पंप यांचे दोन-तीन हजार वेगळे धरा.

ब्रॉम्प्टन, डाहोन, टर्न ही नावं ऐकतो. काय विशेष?

ब्रॉम्प्टन लंडनची, अँड्र्यू रिची यांची, १९७० च्या दशकातली कल्पना. १६ इंची चाक, तीन घड्या, मागचं चाक पोटाखाली जातं आणि सायकल आपोआप उभी राहते. घडी ६५ बाय ६० बाय ३० सेंटीमीटरच्या आत मावते. असली घडी दुसऱ्या कोणाला फारशी जमलेली नाही. पण तिचं टायर ३४९ मापाचं, ते गल्लीत मिळायचं नाही. डाहोन १९८२ ला अमेरिकेत डेव्हिड हॉन या भौतिकशास्त्रज्ञानं काढली. मधून एकदा दुमडणारी २० इंची सायकल जगभर पसरली त्यात तिचा मोठा वाटा. टर्न २०११ ची, त्याच घराण्यातून फुटलेली. डिकॅथलॉनच्या टिल्ट मालिकेतल्या सायकलीही त्याच एका घडीच्या, २० इंची. आपल्या कामाला ही एका घडीची जात पुरेशी आहे.

जुनी मिळतेय, निम्म्या भावात. घेऊ?

बघायला हरकत नाही. फोल्डिंग लोक हौसेनं घेतात आणि बाल्कनीत ठेवून देतात, त्यामुळे कमी चाललेल्या बऱ्याच सापडतात. बिजागरीच्या भोवतालचा रंग ओल्या फडक्यानं पुसा आणि मोबाइलच्या टॉर्चनं वेल्डिंगच्या कडेनं बघा. केसासारखी रेघ दिसली की विषय बंद, भाव कितीही उतरो. फक्त तिथेच नवा रंग मारलेला असेल तरीही बंद. टायर वाळलेले, चेन गंजलेली, या गोष्टी भाव पाडायला कामाच्या. खटक्याचे सुटे भाग मिळतील का हे पैसे देण्याआधी विचारा.

ऑनलाइन मागवली तर?

येते अर्धवट जोडलेली. पायडल बसवताना डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, ते जबरदस्तीनं सुलट आवळलं की क्रँकचे, म्हणजे पायडल ज्यात बसतं त्या दांडीचे, आटे जातात. डब्यावर मार लागलेला असेल तर उघडतानाचा व्हिडिओ काढा. जवळच्या मिस्त्रीला शे-दोनशे देऊन सगळे नट एकदा आवळून घ्या.

इलेक्ट्रिक फोल्डिंग?

मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. पण वजन १८-२० किलोंच्या पुढे जातं, म्हणजे घडी होते पण उचलवत नाही. डिक्कीत टाकून नेणाऱ्यांसाठी ठीक, जिने चढणाऱ्यांसाठी नाही. उन्हातून आल्यावर बॅटरी थंड होऊ द्या, मगच चार्जिंगला लावा.

देखभाल किती?

साध्या सायकलीपेक्षा थोडी जास्त, पण महिन्यातून अर्ध्या तासाची. खटक्यांचा ताण बघा, नट आवळा, चेन पुसून दोन-चार थेंब तेल द्या. बिजागरीला तेल चोपडू नका. त्यावर आपली काळ्या मातीची धूळ बसते आणि तिचा रंधा होतो. कोरड्या फडक्यानं पुसा, आतल्या खिळीला एक थेंब पुरतो. सीटपोस्टला तेल अजिबात लावू नका, नाहीतर चालवताना सीट हळूहळू खाली सरकते आणि कारण शोधण्यात आठवडा जातो.

चालवताना कुरकुर ऐकू आली तर बहुधा सीटपोस्ट किंवा बिजागरी. आधी पुसून बघा, मग मिस्त्री.

पावसाळ्यात?

दोन्ही मडगार्ड हवेत, लहान चाक चिखल थेट पाठीवर फेकतं. पाणी साचलेल्या रस्त्यातून नेऊ नका, चक्री आणि हबचे छर्रे जमिनीच्या फार जवळ असतात. भिजलेली सायकल घडी करून कोपऱ्यात ठेवली की आतल्या बाजूनं गंजते. आधी उघडी वाळवा.

कुलूप कोणतं घ्यावं?

शक्यतो लावायची वेळच येऊ देऊ नका. पोह्यांच्या टपरीवर घडी करून पायाशी ठेवा. बाहेर ठेवावीच लागली तर जाड कुलूप फ्रेममधून आणि मागच्या चाकातून घाला, आणि सीटपोस्ट काढून हातात घ्या. तो झटक्यात निघतो, चोरालाही हे माहीत असतं, आणि बिनसीटची सायकल कोणी चालवत पळून जात नाही.